मेडेलाची कूलर बॅग: विमानातून अंगावरचं दूध न्यायचं असेल तर घ्याच

मॅटर्निटी लीव्ह संपली की ऑफिसच्या ट्रिपा सुरू होतात आणि बाळ अजून अंगावर पीत असतं, अशा सगळ्या आयांसाठी लिहितेय. मी न्यू जर्सीत असते, कामासाठी सॅन फ्रान्सिस्कोला जावं लागतं, नुसतं विमानातच सहा तास जातात, त्यात एअरपोर्ट, टॅक्सी सगळं धरलं तर अख्खा दिवस. तिकडे पंप केलेलं दूध बेसिनमध्ये ओतून यायला जीवच होत नाही हो.

बॅगेत 150 मिलीच्या चार बाटल्या बसतात. सोबतचा आइस पॅक सपाट नाहीये, बाटल्यांच्या गोलाईप्रमाणे खोलगट केलाय, त्यामुळे चारही बाटल्या त्याला अगदी चिकटून बसतात. मला हेच सगळ्यात आवडलं, कारण साध्या डब्याच्या पिशवीत पॅक एका बाजूला आणि लांबची बाटली आपली कोमट होत बसते. पॅक पूर्ण गोठलेला असेल तर इन्सुलेटेड बॅगेत दूध 24 तासांपर्यंत चालतं असं सीडीसी, म्हणजे अमेरिकेची सरकारी आरोग्य संस्था, सांगते, नुसतं बाहेर ठेवलं तर 4 तासच. म्हणून हॉटेलात पोचल्या पोचल्या पॅक रिसेप्शनवर द्यायचा आणि किचनच्या फ्रीझरमध्ये ठेवायला सांगायचं, रूममधल्या मिनीबारवर अजिबात विसंबू नका, त्यात पॅक गोठत नाही.

सिक्युरिटीचं टेन्शन मला सगळ्यात जास्त होतं. पण अमेरिकेत टीएसएचा, म्हणजे एअरपोर्टवर तपासणी करणाऱ्या सरकारी संस्थेचा, नियम स्पष्ट आहे, दुधाला 100 मिलीची मर्यादा नाही, बाळ सोबत असायलाच पाहिजे असंही नाही, आणि आइस पॅक अर्धवट वितळलेला असला तरी चालतो, फक्त तपासणी जरा जास्त होऊ शकते. लाइनीत आधीच सांगायचं की ब्रेस्ट मिल्क आहे आणि बॅग वेगळी काढून ठेवायची. बाटली उघडू नका किंवा एक्स-रेत घालू नका असंही आपण सांगू शकतो, मग ते दुसऱ्या पद्धतीने तपासतात. त्याला वेळ लागतो, तेवढा हाताशी ठेवा.

घरी आल्यावर बाटलीत वर पिवळसर सायीसारखा थर दिसेल, घाबरायचं नाही, दूध नासलेलं नाही, स्निग्धांश वर येतो. बाटली हलकेच गोल फिरवली की मिसळतं. आई इथे आलीय तिला हे आधीच सांगून ठेवलं, नाहीतर तिने खराब झालं म्हणून टाकूनच दिलं असतं.

एका मुक्कामाच्या ट्रिपला बॅग मस्त पुरते, तीन-चार दिवस असतील तर बाटल्यांऐवजी स्टोरेज बॅगा आणि मोठा कूलर लागेल. आणि पंप चेक-इनला देऊ नका गं, फ्लाइट लेट झाली की त्याचीच गरज पडते.