जेफरसन निकेल जमवताना : युद्धकाळातला संच, १९५०-डी की 'फुल स्टेप्स'?

अमेरिकेच्या पाच सेंटच्या जुन्या नाण्यांचा, म्हणजे १९३८ पासूनच्या जेफरसन निकेलचा संग्रह सुरू करायचा असेल आणि खिसा मर्यादित असेल, तर तीन वाटा समोर येतात. मी नवख्याला युद्धकाळातल्या संचाकडेच पाठवेन.

महायुद्धात निकेल धातू लढाईच्या कामाला हवा होता. म्हणून १९४२ च्या उत्तरार्धापासून १९४५ पर्यंत ही नाणी ५६ टक्के तांबं, ३५ टक्के चांदी आणि ९ टक्के मँगनीज अशा मिश्रणातून पाडली गेली. ओळखायला भिंगही लागत नाही. मागच्या बाजूला माँटिसेलोच्या, म्हणजे जेफरसनच्या घराच्या, घुमटावर टांकसाळीचं भलंमोठं अक्षर असतं : पी (फिलाडेल्फिया), डी (डेन्व्हर) किंवा एस (सॅन फ्रान्सिस्को). फिलाडेल्फियाच्या टांकसाळीचं 'पी' अमेरिकन नाण्यावर पहिल्यांदा आलं ते इथेच. नेहमीचा संच अकरा नाण्यांचा, त्यामुळे तो पुरा होतो, आणि संच पुरा होण्याचा आनंद सुरुवातीला फार मोलाचा असतो. शिवाय प्रत्येक नाण्यात सुमारे पावणेदोन ग्रॅम चांदी असल्याने घासलेल्या नाण्यालाही भाव राहतो. मात्र मँगनीजमुळे चांदी वेगळी काढणं किचकट पडतं, म्हणून व्यापारी चांदीचा पूर्ण भाव देत नाहीत. नाणी काळवंडतात तीही बऱ्याचदा याच मिश्रणामुळे. कृपा करून ती घासून चमकवू नका, किंमत तिथेच जाते. आणि १९४४ चं नाणं घुमटावरच्या अक्षराविना दिसलं, तर ते बहुधा फ्रान्सिस हेनिंगने पाडलेल्या खोट्या नाण्यांपैकी असेल. त्यांनाही आज गिऱ्हाईक आहे, पण खोटं म्हणूनच.

१९५०-डीची कथा उलटी. डेन्व्हरला ती फक्त २६,३०,०३० पाडली गेली. हा आकडा ऐकून लोकांनी कोऱ्या नाण्यांचे रोलच्या रोल दडवून ठेवले. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला भाव आकाशाला भिडले, मग कोसळले. म्हणून कोरं १९५०-डी आजही सहज मिळतं, वापरलेलंच शोधावं लागतं. याउलट १९३९-डी पाडली गेली ३५ लाखांहून अधिक, पण ती व्यवहारात खर्च झाली, आणि कोऱ्या अवस्थेत तीच महाग पडते. किती पाडली यापेक्षा किती जपली गेली, हे आधी विचारा. १९५०-डी आवडलं तर घ्या. भाव चढेल म्हणून घेऊ नका.

तिसरी वाट माँटिसेलोच्या पायऱ्यांची. पाच किंवा सहा पायऱ्या अखंड उमटल्या असतील, तर ते नाणं 'फुल स्टेप्स'. पन्नाशीच्या दशकात झिजलेल्या साच्यांनी काम भागवल्यामुळे कित्येक कोऱ्या नाण्यांवरही पायऱ्या पुसट आहेत. सॅन फ्रान्सिस्कोचं १९५३-एस साधं कोरं हवं तर फार खर्च नाही. फुल स्टेप्ससह हवं तर किंमत ऐकून थक्क व्हाल. इथे डोळा तयार हवा. भिंगाखाली भरपूर नाणी पाहिल्याशिवाय या वाटेला जाऊ नये, आणि महाग नाणं पीसीजीएस किंवा एनजीसी या नाणी तपासून दर्जा ठरवणाऱ्या कंपन्यांच्या सीलबंद डबीतलंच घ्यावं. १९६४ सारख्या अब्जांनी पाडलेल्या सालाचं सामान्य नाणं मात्र तिकडे तपासायला पाठवू नका. शुल्क नाण्याच्या किमतीच्या कितीतरी पट होतं.