सिरॅमिक फायबर म्हणून गळ्यात मारलेली काचलोकर

चार वर्षं मी दोनशे लिटरच्या लोखंडी पिंपात भुसा, शेणी आणि वाळकं पाचट रचून मडकी भाजतेय. माती पक्की होते, पण उघड्या पत्र्यातून उष्णता निघून जाते आणि माझं पिंप साडेसातशे अंशांवर अडतं. ग्लेझ, म्हणजे मडक्यावरचा काचेसारखा लेप, वितळायला हजाराच्या आसपास तरी जावं लागतं. म्हणून गॅसचा बर्नर आणि आतून सिरॅमिक फायबरचं, म्हणजे भट्टीची उष्णता सोसणाऱ्या पांढऱ्या तंतूंच्या जाड पट्टीचं, अस्तर, असं ठरवलं.

कोल्हापुरातल्याच एका विक्रेत्याकडून रोल घेतला. पिशवीवर १२६० अंशांचं लेबल होतं. "ताई, हाच माल शिरोलीच्या फौंड्रीत जातो," म्हणाला. तीन हजार दोनशे रोख दिले. चिठ्ठीवर फक्त 'इन्सुलेशन रोल' लिहिलेलं, ते मी तेव्हा वाचलंच नाही.

पहिल्याच भाजणीत उग्र धूर आला. नवा माल आहे, निघेल वास, असं वाटलं. थर्मोकपल, म्हणजे आतलं तापमान मोजणारं साधन, सातशेच्या जवळ आलं आणि अस्तर आक्रसून जोड उघडे पडले, पत्रा लाल झाला, वरचा थर वाट्यांवर कोसळला. तांबड्या-पांढऱ्या रश्शाच्या बावीस वाट्या होत्या, एका खानावळीसाठी केलेल्या. प्रत्येकीवर काचेचे गोळे चिकटले. महिन्याची मेहनत होती ती, आणि त्या फोडून टाकताना रडू आलं.

विक्रेता म्हणाला, "तुम्हीच जास्त तापवलं असणार." सातशेला!

फौंड्रीत आयुष्य घालवलेल्या शेजारच्या मामांनी उरलेला तुकडा गॅसवर धरला. क्षणात त्याची गोळी झाली, म्हणजे ती काचलोकर (ग्लासवूल) होती. खरं सिरॅमिक फायबर लाल होतं आणि निवल्यावर पुन्हा पांढरं दिसतं, आकार सोडत नाही. मग मीटरभर तुकडा वाण्याच्या काट्यावर ठेवला: सातशे ग्रॅम. एक इंच जाडीचा, दोन फूट रुंदीचा, १२८ घनतेचा (घनमीटरला १२८ किलो) माल मीटरला जवळजवळ दोन किलो भरतो. पूर्ण रोल चौदा किलोंच्या पुढे जातो. दुकानातच वजन केलं असतं तर तिथंच कळलं असतं.

बिलावर तापमानाची ग्रेड आणि घनता लिहून घ्या. लिहायला नकार दिला तर पैसे देऊ नका. मी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली आहे, पण कच्च्या चिठ्ठीमुळे माझी बाजू लंगडी पडते.

ज्यांनी असा रोल आधीच पिंपात लावलाय, त्यांनी पुढच्या भाजणीआधी अंगठ्याएवढा तुकडा कापून, तोंडाला मास्क लावून, घराबाहेर पकडीनं निळ्या ज्योतीत धरून बघा.