डायरेक्ट ड्राइव्ह ट्रेनर: वर्षभराच्या वापरानंतर

मे महिन्यात छत्रपती संभाजीनगरचा पारा चाळिशीपलीकडे गेला की सकाळी आठनंतर सायकल बाहेर काढणे अवघड होते, म्हणून गेल्या उन्हाळ्यात मी घरातच सायकल चालवण्यासाठी डायरेक्ट ड्राइव्ह ट्रेनर घेतला. यात मागचे चाक काढून सायकल थेट यंत्रावर बसवतात. त्यामुळे टायर झिजत नाही आणि वॉटचे, म्हणजे पेडलवर लावलेल्या शक्तीचे, मापनही बरेच विश्वासार्ह मिळते.

परंतु तेच १८० वॉट दौलताबादच्या रस्त्यावर सहज निघतात आणि खोलीत मात्र जीव काढतात. याचे मोठे कारण उष्णता हे आहे. शरीर खर्च केलेल्या ऊर्जेच्या साधारण पाव भागाचेच पेडलवर काम करून दाखवते. म्हणजे १८० वॉट काढताना पाचशेहून अधिक वॉटची उष्णता अंगात तयार होते. रस्त्यावर ताशी पंचवीस किलोमीटरचा वारा घाम वाळवत ती वाहून नेतो, खोलीत मात्र घाम नुसता हँडलबारवर ठिबकतो. पंख्याशिवाय माझ्या हृदयाचे ठोके बाहेरच्यापेक्षा मिनिटाला दहा-बारा अधिक पडत. मोठा स्टँड फॅन छातीसमोर ठेवल्यावर हा फरक निम्म्यावर आला. तेव्हा पंख्याचा खर्च ट्रेनरच्या किमतीतच धरावा.

दुसरे कारण उसंतीचे. खुलताबादहून परतताना घाटाच्या उतारावर पाय थांबतात, वळणावर अंग सैल होते. ट्रेनरवरचा एक तास मात्र अखंड पेडलिंगचा असतो. अर्ग मोडमध्ये तर यंत्र ठरलेले वॉट सोडत नाही, त्यामुळे केडन्स (मिनिटाला पेडलचे फेरे) घसरला की रेझिस्टन्स (पेडलला होणारा विरोध) वाढतो आणि दमलेले पाय अधिकच अडकतात. म्हणून मी दोन्ही ठिकाणचा एफटीपी (साधारण तासभर टिकवता येणारे कमाल वॉट) वेगळा नोंदवतो. खोलीतला माझा आकडा सुमारे पाच टक्के कमी आहे, आणि ट्रेनरच्या ॲपच्या पडद्यावरच्या किलोमीटरकडे तर मी पाहतच नाही, कारण समोरचा वारा, खड्डे आणि पुढच्या सायकलीचा आडोसा यांतले काहीच तेथे खरे नसते.

आवाजाची तक्रार नाही. रबरी मॅट टाकल्यावर खालच्या मजल्यावरचे शेजारीही शांत आहेत. वीज गेली की मात्र ठरवलेले इंटरव्हल (जोर आणि विश्रांतीचे आलटून पालटून टप्पे) तेथेच संपते, आणि आमच्या भागात हे पुरेसे वेळा घडते. कॅसेट (मागच्या दातेरी चकत्यांचा संच) खोक्यात नव्हती, ती वेगळी विकत घ्यावी लागली. मागवण्यापूर्वी विक्रेत्याला हे अवश्य विचारावे.