काटा की वाटी? वजन उतरवायला निघालेल्यांसाठी

घरात डिजिटल काटा आला त्या दिवशी मी ओट्यावर कणकेचा गोळा तोलत होते. सासूबाईंनी चष्मा वर सरकवून पाहिलं आणि विचारलं, "सोनं तोलतेस का गं?" तेव्हा हसून वेळ मारून नेली. पुढचे सात महिने मी काट्यावर तोलून, मोबाइलमधल्या ॲपमध्ये लिहून जेवले. त्याच घरात, त्याच कढईतलं, नवरा वाट्या आणि पोळ्या मोजून जेवला. ॲप त्याने उघडलंसुद्धा नाही. वजन दोघांचंही उतरलं. माझं सहा किलो, त्याचं चार. पण त्याला मुळात पाचच उतरवायचं होतं, त्यामुळे कोण जिंकलं हे सांगण्यात अर्थ नाही. काटा घ्यावा की नाही अशा विचारात तुम्ही असाल, तर कुठली पद्धत कुठे चालते आणि कुठे अडते तेवढं सांगते.

हिशेब दोन्हीकडे एकच. शरीर जेवढं खर्च करतं त्याहून थोडं कमी पोटात गेलं पाहिजे. १ ग्रॅम पिष्ट किंवा प्रथिन म्हणजे साधारण ४ कॅलरी, १ ग्रॅम तेल-तूप म्हणजे ९. विल्बर अ‍ॅटवॉटर या अमेरिकी शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी हे आकडे बसवले, आणि बिस्किटाच्या पुड्यावर आजही त्याच हिशेबाने कॅलरी छापतात. काटेवाला हा हिशेब रोज मांडतो. वाटीवाला एकदाच मांडून ठेवतो आणि मग विसरतो.

तेलाची किटली

काट्याने मला सर्वांत मोठा धक्का दिला तो पोळीवरून किंवा भातावरून नव्हे. एका रविवारी फ्लॉवर-बटाट्याची भाजी टाकायच्या आधी मी तेलाची किटली काट्यावर ठेवली. ४१२ ग्रॅम. भाजी झाली, किटली परत ठेवली. ३७१. म्हणजे एका भाजीत ४१ ग्रॅम तेल, ३६९ कॅलरी. माणसं चार, तेव्हा प्रत्येकाच्या वाटीत ९२ कॅलरी नुसत्या तेलाच्या. फोडणी सासूबाईंनी घातली होती. "किती घातलंत?" विचारलं तर म्हणाल्या, "दोन चमचे." त्या खोटं बोलत नव्हत्या. त्यांचा चमचा म्हणजे पळी.

मी स्वतः घातलेलं तेल दुसऱ्या दिवशी तोललं, ते ३४ भरलं. तेव्हा फार हसायची सोय नव्हती.

ही चूक आमच्याच घरातली आहे असं समजू नका. 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये १९९२ साली एक अभ्यास आला होता. "आम्ही १२०० कॅलरींपेक्षाही कमी खातो, तरी वजन हलत नाही," असं सांगणारी माणसं तपासली, तेव्हा ती प्रत्यक्षात खात होती त्यापेक्षा सरासरी ४७ टक्के कमी सांगत होती, आणि व्यायाम ५१ टक्के जास्त. शरीराचा खर्च मात्र ठीकठाक होता. माणसं मोजकीच होती, पण "मी काहीच खात नाही" हे वाक्य ज्या घरात ऐकू येतं तिथे हा अभ्यास चपखल बसतो.

म्हणून माझं पहिलं मत: ताटात वाढलेलं अन्न तोलण्यापेक्षा डबे तोला. तेल, तूप, दाण्याचं कूट, खोबरं, साखर, गूळ. मराठी स्वयंपाकातल्या कॅलरी इथे लपलेल्या असतात. काकडी तोलत बसणारी माणसं मला माहीत आहेत. १०० ग्रॅम काकडीत १५ कॅलरी, आणि त्याच कोशिंबिरीत पडलेल्या दोन मोठे चमचे कुटात शंभर.

काट्याची कटकट

काटा प्रामाणिक असतो. ॲपचं तसं नाही. मी "पोळी" लिहून शोधलं तर एका पोळीचे ७० पासून १४० पर्यंत आकडे समोर आले. कुणाची पोळी? फुलक्याएवढी की पुरणपोळीएवढी? शेवटी स्वतःच हिशेब केला. ४०० ग्रॅम पीठ भिजवून साडेसहाशे ग्रॅम कणीक झाली, गोळा ४५ ग्रॅमचा, म्हणजे त्यात पीठ २८ ग्रॅम. ९५ कॅलरी पिठाच्या, घडीतलं तेल १८, वरचं तूप २५. आमची एक घडीची पोळी १४० ला जाते. हे एकदा कळलं की पोळी पुन्हा तोलायची गरज नाही, कारण लाटणारा हात तोच असतो. सुट्टीच्या दिवशी मी लाटते तेव्हा गोळा ५२ चा होतो, ती गोष्ट वेगळी.

कच्चं आणि शिजलेलं यात तर पहिल्या आठवड्यात सगळेच गोंधळतात. १०० ग्रॅम कच्चा तांदूळ साडेतीनशे कॅलरींचा. शिजून तो अडीच-तीनपट होतो, त्यामुळे १०० ग्रॅम भात फक्त १३० चा. ताटातला १५० ग्रॅम भात "तांदूळ" म्हणून लिहिला तर पाचशेच्या वर आकडा जातो आणि तुम्ही उगीच उपाशी राहता. उलट केलं तर उगीच खूश होता.

आमटी, उसळ, रस्सा यांचं काय करायचं? यासाठी रिकाम्या पातेल्याचं वजन माहीत हवं. आमच्या फ्रिजच्या दारावर एक चिठ्ठी अजून आहे: "आमटीचं पातेलं ६४०, कढई ११२०, कुकरचं भांडं ३१०." आमटीत १२० ग्रॅम तूरडाळ, १५ ग्रॅम तेल, १० ग्रॅम गूळ, मिळून पावणेसहाशे कॅलरींच्या आसपास. पातेल्याचं वजन वजा जाता आमटी ९५० ग्रॅम भरली. माझी वाटी १६० ग्रॅमची, तेव्हा माझ्या वाट्याला ९७. वाचायला लांबलचक वाटतं, करायला दोन मिनिटं लागतात. पण ती दोन मिनिटं बरोब्बर त्या वेळी लागतात जेव्हा गॅसवर तवा तापलेला असतो, मुलीला डबा हवा असतो आणि कुणीतरी दाराची बेल वाजवतं. ज्या घरात स्वयंपाक दुसरं कुणी करतं, बाई येऊन करून जाते किंवा डबा येतो, तिथे काटेवाल्याचा अर्धा हिशेब अंदाजावरच चालणार. डबा लावलेला असेल तर काट्याच्या फंदात पडू नका, असं मी स्पष्टच सांगेन.

इतकं करून आकडा अचूक येतो का? नाही. बदामांचंच पाहा. २०१२ साली अमेरिकेच्या कृषी खात्याच्या शास्त्रज्ञांनी माणसांना बदाम खायला घालून मोजलं, तर लेबलवरच्या हिशेबापेक्षा जवळजवळ एक चतुर्थांश कॅलरी कमी मिळाल्या. नीट न चावलेल्या तुकड्यांतला स्निग्धांश तसाच बाहेर जातो. तरीही मोजणं फुकट जात नाही. भिंतीवरचं घड्याळ पाच मिनिटं पुढे असलं तरी रोज तेवढंच पुढे असेल तर लोकल चुकत नाही.

वाटीचं सुख, वाटीचा घोळ

नवऱ्याचा नियम फ्रिजवर लिहावा लागला नाही. दोन पोळ्या, एक वाटी भाजी, एक वाटी वरण किंवा उसळ, अर्धी वाटी भात, कोशिंबीर हवी तेवढी, दुसऱ्यांदा वाढून घ्यायचं नाही. रात्री भात बंद. चहा दोनदाच. ऑफिसात, गावाला, सासरी, कुठेही हे चालतं आणि कुणाला सांगावं लागत नाही. वाढणाऱ्या माणसाचा अपमानही होत नाही, जो आपल्याकडे आहारातला फार मोठा घटक आहे.

पण वाटी कुठली? आमच्या घरात तीन मापांच्या वाट्या निघाल्या. काटा होताच, म्हणून पाणी भरून तोलल्या: ११०, १५० आणि २१० ग्रॅम. नवरा "एक वाटी" म्हणून अर्थातच तिसरी घेत होता. शिवाय चेपून भरलेली वाटी आणि सैल भरलेली वाटी यांत भाताचा चांगला चाळीस-पन्नास ग्रॅमचा फरक पडतो. पहिले दोन महिने त्याचं वजन जिथल्या तिथे होतं ते याच कारणाने. मधली वाटी त्याच्या नावाची ठरली, तेव्हा काटा हलला. खरं सांगायचं तर त्याची वाटी माझ्या काट्यावर पोसली गेली. तो हे मान्य करत नाही.

वाटीची दुसरी अडचण म्हणजे तिला तेल दिसत नाही. एक वाटी भरली वांगी आणि एक वाटी दुधी यांना ती एकाच मापाने मोजते.

उपासाच्या दिवशी तर वाटीवाल्याची पुरती फसगत होते. साबुदाणा ७५ ग्रॅम, कूट २५, तूप १०, एखादा छोटा बटाटा. ही एका माणसाची बेताची खिचडी, आणि ती सव्वापाचशेच्या पुढे जाते. दोन भाकऱ्या नुसत्या धरल्या तर ४०० च्या आसपास. एकादशी आणि चतुर्थी दोन्ही धरून वजन वाढलेली माणसं आमच्या नात्यात आहेत. मीही त्यातलीच.

तिसरा रस्ता: "दीक्षित करणं"

आमच्या घरात नाही, पण नवऱ्याच्या ऑफिसात अर्ध्या लोकांनी हेच केलं आहे, त्यामुळे टाळता येत नाही. डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या मांडणीवर डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी लोकप्रिय केलेला हा प्रकार: दिवसातून दोनदाच, ५५ मिनिटांच्या आत जेवायचं, मधे काही खायचं नाही. मोजणं शून्य. ज्याचा दिवस चार चहा, चार बिस्किटं, मुलांच्या ताटातलं उरलंसुरलं आणि सहा वाजताची भेळ असा चाललेला असतो, त्याला हे लागू पडतं, कारण गळतीच बंद होते. ज्याची दोन जेवणंच भक्कम असतात त्याला कमी. आणि मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवणाच्या वेळा बदलू नका, साखर एकदम खाली येऊ शकते. कॅलरी कमी करतानाही हेच लागू.

काट्याने मला दिलेलं एक भय

पाचव्या महिन्यात दहावीतल्या मुलीने बेसनाचा लाडू हातात घेऊन विचारलं, "आई, हा किती कॅलरीचा?" माझ्या तोंडात उत्तर तयार होतं. १८०. ते मी गिळलं. तिने लाडू अर्धा मोडून डब्यात परत ठेवला आणि गेली. तिचं वजन काडीइतकं आहे. त्या दिवसापासून मी तिच्यासमोर तोलत नाही, आणि आकडे मोठ्याने बोलत नाही. वाढीच्या वयातली मुलं, गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बायका, आणि ज्यांना कधी खाण्यावरून मनाचा त्रास झालेला आहे, अशांनी काट्याच्या वाटेला जाऊ नये असं माझं ठाम मत आहे. माझंही होऊ लागलं होतं: हळदीकुंकवाला मिळालेल्या तिळगुळाची वडी पर्समध्ये घालून घरी आणायची आणि तोलून खायची. संक्रांतीला!

रोजचं लिहिणं मी तीन महिन्यांनंतरच कमी केलं होतं, आठवड्यातून दोन दिवस; लाडवानंतर तेही एकावर आलं. वजन थोडं हळू उतरलं. तसंही ते हळू होतच जातं. रोज ५०० कॅलरी कमी केल्या तर कागदावर आठवड्याला अर्धा किलो, कारण १ किलो चरबीला ७७०० कॅलरी धरतात. पण हलकं झालेलं शरीर खर्चही कमी करतं, म्हणून कागद आणि वजनाचा काटा यांची हळूहळू फारकत होते. शिवाय पापड-लोणच्याच्या जेवणानंतर सकाळी एक किलो जास्त दिसतो, ते पाणी असतं. कंबर मोजा, ती कमी खोटं बोलते. भारतीयांसाठी पुरुषांची ९० आणि बायकांची ८० सेंटिमीटर ही हद्द धरतात.

मग तुम्ही काय करावं

स्वयंपाक तुमच्या हातात असेल, "काहीच खात नाही तरी वजन वाढतं" असं वाटत असेल, आणि आकड्यांनी झोप उडणाऱ्यांतले तुम्ही नसाल, तर काटा घ्या. तीन-चार आठवडे नीट तोला. स्वतःची पोळी, स्वतःची वाटी, आठवड्याचं तेल, नेहमीच्या आठ-दहा भाज्या एवढं कळलं की पुरे. बाहेर जेवणं जास्त, फिरतीची नोकरी, ताट दुसऱ्याच्या हातात असं असेल तर थेट वाटीवर जा. फक्त वाटी एकच ठेवा आणि शेजाऱ्याकडून काटा मागून आणून ती एकदा पाण्याने तोला. दोन्हीही जमणार नसेल तर निदान किटली. महिन्याला घरात किती लिटर तेल येतं आणि खाणारी तोंडं किती, एवढा भागाकार वाणसामानाच्या यादीवरही होतो.

काटा घेणारच असाल तर ५ किलोपर्यंत तोलणारा, १ ग्रॅमचा फरक दाखवणारा आणि ठेवलेल्या भांड्याचं वजन शून्यावर आणणारं टेअरचं बटण असलेला घ्या. पाचशे रुपयांच्या आसपास मिळतो. दुकानात त्याच्यावर एखादी मोठी परात ठेवून बघा. आमच्या पहिल्या काट्यावर कढई ठेवली की आकडाच तिच्या खाली झाकला जायचा, आणि मी महिनाभर ओट्याशी गुडघे टेकून आमटीचं वजन वाचत होते.