विद्यार्थी-सूक्ष्मदर्शक आणि जलअस्वलाची नखे

अंबाल्यात बनलेला हा सूक्ष्मदर्शक मी 18,000 रुपयांना घेतला तो एकाच कामासाठी : कुंपणाच्या भिंतीवरील मॉसमध्ये सापडणाऱ्या मिल्नेशियम या जलअस्वलांची (आठ पायांच्या सूक्ष्म प्राण्यांची) नखे पाहण्यासाठी. फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ दोयेर यांनी 1840 मध्ये वर्णिलेली मिल्नेशियम टार्डिग्रॅडम ही एकच जात जगभर आढळते, असे दीर्घकाळ मानले जाई. आज या प्रजातीत 40 हून अधिक जाती ओळखल्या जातात, आणि त्या वेगळ्या करताना नखांच्या दुय्यम (आखूड) शाखेला दोन टोके आहेत की तीन, हे पाहावे लागते. मात्र काही जातींत पिल्लाच्या आणि प्रौढाच्या टोकांची संख्याच वेगळी असल्यामुळे वयातला फरक जातीतला फरक समजला जाण्याचा धोका राहतो.

10 पटीच्या वस्तुभिंगाखाली जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा हा प्राणी सहज सापडतो. एका मादीने टाकलेल्या कातेत मला पाच अंडी दिसली. मिल्नेशियम अंडी कातेतच घालते आणि त्या कातेवर आईची नखे शाबूत असतात, त्यामुळे अंडी फुटल्यावर आई आणि पिल्लू यांची तुलना एकाच काचेवर करता येते. या प्रजातीच्या अनेक समूहांत माद्या नराविनाच प्रजनन करतात, म्हणजे लेकीला फक्त आईचीच जनुके मिळतात; अशा ठिकाणी माय-लेकींच्या नखांत दिसणारा फरक जनुकांचा नसून वाढीचा आहे, असे बऱ्याच खात्रीने म्हणता येते. घरच्या टेबलावर हे पाहायला मिळाले, याचा आनंद अजून ओसरलेला नाही.

तेलात बुडवायच्या 100 पटीच्या भिंगाखाली आईच्या नखाची तीन टोके स्वच्छ दिसली. पिल्लाची मात्र दोनच दिसली, आणि तिसरे नाहीच की भिंगाला ते पकडता येत नाही, हे शेवटपर्यंत ठरवता आले नाही. प्रकाशयोजना उत्तम आहे. काच सरकवणारा स्क्रू मात्र ढिला असल्याने एक पिल्लू ऐन वेळी नजरेआड झाले. काचेखाली दबल्याने अंगाची लांबी बदलते, म्हणून अवयवांची मापे तोंडाच्या नळीच्या लांबीशी टक्केवारीत ताडतात. त्यासाठी लागणारी मोजपट्टीची नेत्रिका (डोळ्याजवळचे भिंग) या संचात नाही, ती वेगळी घ्यावी लागते.

जलअस्वले पाहण्यासाठी हा सूक्ष्मदर्शक निःशंकपणे घ्यावा. जात ठरवायची असेल, तर पारदर्शक वस्तूंतले बारकावे ठळक करणारी फेज कॉन्ट्रास्टची सोय आणि प्रयोगशाळेत सीओआय या जाती ओळखण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या जनुकाची तपासणी यांना पर्याय नाही. पाचपैकी साडेतीन गुण. कात आणि एक पिल्लू मी काचेवर कायम करून ठेवले आहे. ते तिसरे टोक मला पाहायचेच आहे.