संचार साथी: सेकंडहँड मोबाईलच्या काउंटरवरून

संचार साथी, म्हणजे चोरीचे फोन आणि आपल्या नावावरची सिमं तपासायची दूरसंचार विभागाची वेबसाइट आणि ॲप, मी रोज वापरतो आणि ते कामाचं आहे. एवढं सरळ वाक्य 2025 च्या डिसेंबरातल्या पहिल्या आठवड्यात, ॲपच्या सक्तीवरून गदारोळ चालला होता तेव्हा, कुठे लिहिलं असतं, तर निम्म्यांनी मला भक्त ठरवलं असतं आणि उरलेल्यांनी पाठ थोपटली असती. दोन्ही नको होतं, म्हणून गप्प बसलो. आता धुरळा खाली बसलाय, तर दुकानदाराच्या नजरेनं जे दिसतं ते लिहितो.

दुकान इचलकरंजीत. डिस्प्ले, बॅटरी, चार्जिंग पट्टी ही दुरुस्तीची कामं आहेतच, पण खरा धंदा जुन्या मोबाईलचा. यंत्रमागावर काम करायला बिहार-यूपीतून आलेली पोरं, सूतगिरणीतल्या बायका, कॉलेजची मुलं हे माझं गिऱ्हाईक. नव्या फोनला पंधरा हजार घालण्यापेक्षा पाच-सहा हजारांत बिल-बॉक्ससकट जुना मिळाला तर त्यांना हवाच असतो. अशा धंद्यात दुकानदाराला एकच भीती असते. माल चोरीचा निघाला तर? फोन कुणीही मारलेला असो, पोलीस पहिल्यांदा येऊन उभे राहतात ते आमच्या काउंटरपुढे.

पूर्वी आम्ही माणूस बघून फोन घ्यायचो. बिल आहे का, लॉक स्वतः उघडतोय का, आधार कार्डाची झेरॉक्स द्यायला कुरकुर करतोय का. संपली तपासणी. आता स्टार हॅश झिरो सिक्स हॅश दाबायचं, पंधरा आकडी आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख नंबर, स्क्रीनवर आला की तो संचार साथीत टाकायचा. फोन कुठल्या कंपनीचा, कुठलं मॉडेल आणि त्याची अवस्था काय, हे लगेच समोर येतं. ब्लॅकलिस्टेड, डुप्लिकेट किंवा 'ऑलरेडी इन यूज' असं काही दिसलं, तर तो फोन घेऊ नका असं सरकारच सांगतं.

नुसतं 'व्हॅलिड' बघून मात्र थांबू नका. मध्यंतरी एक पोरगा मोठ्या स्क्रीनचा, तीन कॅमेऱ्यांचा, चकचकीत फोन घेऊन आला. म्हणाला, "मालक, अर्जंट पैसे पाहिजेत, काय द्यायचं ते द्या." काय द्यायचं ते द्या, हे ऐकलं की माझे कान टवकारतात. आयएमईआय टाकला. अवस्था ठीक दिसत होती, पण मॉडेलच्या जागी दुसऱ्याच कंपनीच्या साध्या बटणाच्या फोनचं नाव. म्हणजे कुणीतरी मूळ नंबर पुसून भंगारातल्या फोनचा नंबर त्यावर चढवलेला. त्याला म्हटलं, "भावा, तुझा हा फोन सरकारी खात्यात बटणाचा आहे." तो हसला, फोन उचलला आणि गेला. 2023 च्या दूरसंचार कायद्यात अशा छेडछाडीला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास लाखांपर्यंत दंड आहे. पाच हजारांच्या फोनपायी एवढी जोखीम कोण घेणार? तरी घेणारे घेतात. एवढ्या एका सोयीसाठी मी या सेवेला पाचपैकी पाच तारे देतो.

दुसरी सोय आपल्या नावावर किती सिम चालू आहेत ते बघायची. एका माणसाच्या नावावर नऊ सिमची मर्यादा आहे. जम्मू-काश्मीर, आसाम आणि ईशान्येकडच्या राज्यांत सहाची. माझ्याकडे येणाऱ्या एक मावशी, शिकलेल्या बेताच्या, रिचार्जला आल्या होत्या. सहज त्यांचा नंबर टाकून ओटीपी घेतला, तर यादीत त्यांना माहीत नसलेले नंबर. "अवं दादा, मी एकच वापरते की!" आठवून आठवून शेवटी निघालं की बाजाराच्या दिवशी छत्री लावून बसलेल्या एका सिमवाल्यानं "अंगठा नीट उमटला नाही मावशी, परत लावा" म्हणत दोनतीनदा अंगठा घेतला होता. प्रत्येक नंबरापुढे 'माझा नाही', 'नको आहे' आणि 'हवा आहे' असे पर्याय येतात. माझा नाही, असं नोंदवलं की कंपनीला पडताळणी करावी लागते. मावशींना हे सगळं समजावून सांगायला मला जेवढा वेळ लागला, त्यात दोन डिस्प्ले बदलून झाले असते. पण हे काम प्रत्येकानं एकदा तरी करावंच. आईवडिलांच्या नंबरचं तर आजच करा. आपल्या नावावरच्या सिमवरून कुणी फसवाफसवी केली, तर आधी आपल्याच दाराची कडी वाजते.

चोरीला गेलेला फोन बंद करायची सोय मूळची आपल्याकडची आहे, हे फार लोकांना ठाऊक नसतं. तिची सुरुवात 2019 च्या सप्टेंबरमध्ये मुंबईत, महाराष्ट्रापुरती झाली. रविशंकर प्रसाद तेव्हा दूरसंचार मंत्री होते. पुढे दिल्ली, आणि 2023 च्या मे महिन्यात संचार साथी पोर्टलच्या नावाखाली सगळ्या देशात. ॲप आलं ते 2025 च्या जानेवारीत. फोन ब्लॉक झाला की भारतातल्या कुठल्याच कंपनीचं सिम त्यात चालत नाही, आणि कुणी सिम घालून बघितलंच तर त्याचा माग पोलिसांकडे जातो. पेपरात एसपी साहेबांच्या हस्ते रांगेनं मोबाईल परत दिल्याचे फोटो छापून येतात ना, त्यामागे बरंचसं हेच यंत्र असतं.

पण ही सोय आखणाऱ्यानं स्वतःचा फोन कधी हरवून बघितलेला दिसत नाही. ब्लॉक करायचा तर पोलिसांतल्या तक्रारीची प्रत हवी, ओळखपत्र हवं, आयएमईआय हवा आणि ओटीपी घ्यायला हरवलेल्याच नंबरचं नवं सिम हवं. नवं सिम काढलं की त्यावर एसएमएस यायला चोवीस तासांपर्यंत लागू शकतात. अर्ज मान्य झाल्यावर फोन बंद व्हायला आणखी चोवीस तास धरा. तोवर चोरीचा फोन सुटा होऊन कुठल्या तरी गल्लीत पोहोचलेला असतो. डिस्प्ले एकाकडे, बोर्ड दुसऱ्याकडे. सिम दुसऱ्याच्या हाती जाऊन घोटाळा होऊ नये म्हणून एसएमएस रोखतात, हे मला समजतं, पण फोन हरवलेल्याचा वेळ जायचा तो जातोच. म्हणून गिऱ्हाइकाला मी एक गोष्ट हमखास सांगतो: खोक्यावरचा आयएमईआयचा स्टिकर आजच फोटो काढून घरच्यांच्या फोनवर पाठवून ठेवा. हरवल्यावर धावपळीत तो नंबर कुणालाच सापडत नाही. या भागाला तीन तारे.

संशयास्पद कॉल आणि मेसेज कळवायला 'चक्षू' आहे. तिथे तक्रार करून आपले गेलेले पैसे परत मिळतील असं समजू नका. पैसे गेले असतील तर 1930 ला फोन लावा, तोही ताबडतोब. चक्षू फक्त 'असा फोन आला होता' हे सांगायला. एवढा फरक माझ्याकडे येणाऱ्या दहांतल्या आठांना माहीत नसतो, आणि वीज कापणार म्हणून धमकावणाऱ्यांचा धंदा त्यावरच चालतो.

आता त्या सक्तीबद्दल. 28 नोव्हेंबर 2025 ला दूरसंचार विभागानं मोबाईल कंपन्यांना आदेश काढला: नव्वद दिवसांत प्रत्येक नव्या फोनमध्ये हे ॲप आधीपासून घालून द्या, त्याचं काम बंद पाडता येणार नाही असं बघा, आणि आधीच दुकानांत गेलेल्या फोनमध्ये अपडेटमधून ढकला. लोकांना विचारलं नाही, आधी मसुदा मांडला नाही. बातमी बाहेर आली ती 1 डिसेंबरला, संसदेच्या हिवाळी अधिवेशनाच्या पहिल्याच दिवशी. प्रियांका गांधींनी त्याला हेरगिरीचं ॲप म्हटलं. ॲपल हा आदेश मानणार नाही अशा बातम्या आल्या. दुसऱ्या दिवशी दूरसंचार मंत्री ज्योतिरादित्य सिंधिया म्हणाले, नको असेल तर काढून टाका. आता आदेशात बंद पाडता येऊ नये असं लिहिलंय आणि मंत्री काढून टाका म्हणतात, तर दुकानदारानं गिऱ्हाइकाला सांगायचं काय? 3 डिसेंबरला सक्तीच मागे घेतली. वर सरकारनं हेही सांगितलं की एका दिवसात सहा लाख लोकांनी नोंदणी केली, रोजच्या दहापट. गंमत बघा, भांडण झालं म्हणून जाहिरात झाली.

माझ्या काउंटरवर त्या आठवड्यात काय चाललं होतं ते सांगतो. ज्यांच्या फोनमध्ये मीच हे ॲप घालून दिलं होतं, ते येऊन म्हणत होते, "मालक, ते सरकारी काढून टाका आधी." इतके दिवस गोडीनं समजावून बसवलेला विश्वास एका कागदानं घालवला. याला शून्य तारे, उणे द्यायची सोय असती तर उणे दिले असते.

लोकांची भीती अगदीच उगाच नव्हती. अँड्रॉइडवर हे ॲप कॉल, एसएमएस पाठवणं, कॉल आणि मेसेजच्या नोंदी, फोटो-फायली आणि कॅमेरा यांच्या परवानग्या मागतं. प्रत्येकीचं कारण त्यांनी दिलेलं आहे: नोंदणीसाठी 14422 वर एसएमएस जातो, तक्रारीला कॉलची नोंद लागते, कॅमेरा खोक्यावरचा बारकोड वाचतो. आयफोनवर हेच ॲप फोटो-फायली आणि कॅमेऱ्यावर भागवतं, कॉलच्या नोंदी घेत नाही. म्हणजे कमी परवानग्यांत गाडी चालते की! मग अँड्रॉइडवाल्याकडूनच जास्त का? आणि परवानगी आज कशासाठी घेतली यापेक्षा उद्याच्या अपडेटमध्ये तिचं काय करतील, ही खरी शंका. त्या आदेशाच्या दोनच आठवडे आधी, नोव्हेंबरमध्येच, वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचे नियम निघाले होते. त्या कायद्यात सरकारला आपल्या यंत्रणांना सूट देता येते. कंपनीनं माझी माहिती सांडली तर दंड, आणि सरकारी यंत्रणेचं नाव सुटीच्या यादीत घातलं की विषय मिटला.

महाराष्ट्रातल्या माणसाला हे पटवून द्यावं लागत नाही. आपला फोन 'अमजद खान' या नावानं टॅप झाला, असं नाना पटोले यांनी 2021 मध्ये विधानसभेत सांगितलं होतं. नेत्यांच्या फोन टॅपिंगचे गुन्हे दाखल झाले, पुढे 2023 मध्ये उच्च न्यायालयानं ते रद्दही केले. खरंखोटं काय ते असो, चहाच्या टपरीवर माणूस एवढंच लक्षात ठेवतो की टॅप होऊ शकतो.

आणि काँग्रेसवाल्यांनीही फार शेखी मिरवू नये. फोनवर मध्यवर्ती नजर ठेवणारी सीएमएस यंत्रणा यूपीएच्याच काळात आकाराला आली. इंटरनेटवरची पाळत कायद्यात बसवणारी आयटी कायद्याची दुरुस्ती 2008 च्या डिसेंबरात गोंधळात चर्चेविना मंजूर झाली. नवा दूरसंचार कायदा 2023 च्या डिसेंबरात मंजूर झाला, तेव्हा विरोधकांचे 140 हून जास्त खासदार निलंबित होते. डिसेंबर महिना आला की आपल्या फोनवर काहीतरी संकट येतं असं मला आता वाटायला लागलंय. खुर्चीवर असताना पाळत म्हणजे देशाची सुरक्षा, खुर्ची गेली की तीच हेरगिरी.

माझा सल्ला विचाराल तर साधा आहे. जुना फोन घेताना आयएमईआय तपासाच, नावावरची सिमं तपासाच, पण त्यासाठी ॲप घालायलाच पाहिजे असं नाही. दोन्ही कामं संचार साथीच्या वेबसाइटवर होतात, तीही फोनच्या परवानग्या न देता. इंटरनेट नसेल तर इंग्रजी अक्षरांत 'केवायएम' लिहून, जागा सोडून पंधरा आकडी आयएमईआय 14422 वर पाठवा. उत्तर मेसेजनं येतं. मी स्वतः दुकानाच्या कॉम्प्युटरवर वेबसाइटच वापरतो. ज्याला दररोज फसवे फोन येतात आणि कळवायची हौस आहे त्यानं ॲप ठेवावं, बाकीच्यांना ते कधीमधी लागणारं अवजार आहे.

आमच्या धंद्यावर मात्र एक टांगती तलवार आहे, तिच्याकडे त्या गदारोळात कुणाचं लक्षच गेलं नाही. ऑक्टोबर 2025 मध्ये टेलिकॉम सायबर सुरक्षेचे नियम बदलले. जुने फोन घेणाऱ्या-विकणाऱ्यानं आयएमईआय सरकारी यादीशी ताडून बघायचा आणि त्यासाठी फी घेता येईल, अशी तरतूद त्यात आहे. ताडून बघायला माझी ना नाही, मी ते आजही करतोच. पण आज जे काम फुकट वेबसाइटवर होतं, त्याला उद्या फोनमागे पैसे लावले, तर पाच हजारांच्या फोनवर तीनशे-चारशे सुटणारा दुकानदार ते गिऱ्हाइकाच्या माथी मारणार किंवा तपासणं सोडून देणार. मोठ्या ऑनलाइन कंपन्या ती फी सहज पचवतील. रविवारच्या बाजारात चादर अंथरून फोन विकणारा तर यादीचं नावही काढणार नाही, आणि चोरीचा माल नेमका तिथेच वळेल. फी ठरवायच्या आधी दिल्लीतल्या साहेबांनी एकदा असल्या एखाद्या बाजारातून फोन विकत घेऊन बघावा. बिल मागायचं विसरू नका म्हणावं.