मिटत नसलेल्या डोळ्यासाठी सिलिकॉनच्या कडेचा चष्मा: ड्युटीवर झकास, झोपेत बिनकामाचा

मी एसटीत कंडक्टर, कराड-चिपळूण गाडीवर. पावसाच्या तोंडावर चेहऱ्याची डावी बाजू लुळी पडली. घरात रडारड, लकवाच झाला म्हणून. डॉक्टरांनी कपाळाला आठ्या घालायला सांगितल्या. डावीकडे एकही आठी पडेना, हातपाय मात्र ठणठणीत. मेंदूचं दुखणं असतं तर बहुधा कपाळ शाबूत राहून आठ्या पडल्या असत्या, ही चेहऱ्याच्या नसेची सूज, बेल्स पाल्सी, असं त्यांनी तपासून सांगितलं. स्टिरॉइडच्या गोळ्या पहिल्या ७२ तासांत सुरू व्हाव्या लागतात, त्या झाल्या.

वाकडं तोंड लोकांना दिसतं, जीव खातो तो डोळा. पापणी उघडणारी नस वेगळी, मिटणारी वेगळी. माझी मिटणारी गेली, त्यामुळे डोळा टक्क उघडा. मिटायला गेलो की बुबुळ वर पळतं आणि खाली पांढरी फट राहते. उजवा डोळा लवतो, डावा तसाच. पाटणला एक आजी ओरडल्याच, "आरं ए, डोळा कुणाला मारतुयास?"

डोळ्याच्या डॉक्टरांनी पिवळं औषध घालून निळ्या उजेडात बघितलं. बुबुळाच्या खालच्या भागात हिरवे ठिपके उमटले होते, म्हणजे तेवढा भाग कोरडा पडून खरवडल्यासारखा झालेला. सुट्टी संपवून ड्युटीवर जायचं तर वारा आणि धूळ अडवा, असं बजावलं. म्हणून हा चष्मा ऑनलाइन मागवला, हजाराच्या आत.

काच साधी, पारदर्शक. कडेला मऊ सिलिकॉन, ते भुवईपासून गालापर्यंत चिकटून बसतं. आतला ओलावा आतच राहतो, एवढंच त्याचं काम. ते तो चोख करतो. कुंभार्ली घाटात खिडक्या उघड्या असल्या की आधी डोळ्यात मिरची गेल्यासारखं व्हायचं, ते थांबलं. डोळा ओला ठेवायचे ड्रॉप चुकले नाहीत पण. सारखे घालायचे म्हणून प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले लिहून दिलेत, महाग पडतात. पाटणला, कोयनानगरला आणि घाट उतरल्यावर, असं माझं टाइमटेबल ठरलंय.

आता तक्रारी. गाडी भरली आणि बाहेर पाऊस असला की काच आतून धुरकटते, तिकिटाच्या मशीनवरचे आकडे दिसत नाहीत. बाजूला हवेची बारीक भोकं आहेत, ती उघडी ठेवली तर धुरकटणं कमी होतं पण ओलावाही जातो. जवळच्या नंबरचा चष्मा याच्या आत मावत नाही, वरून घातला तर नाकावरून घसरतो. सुटे पैसे देताना माझी त्रेधा बघण्यासारखी असते.

खोक्यावर 'रात्रीही उपयुक्त' असं छापलंय. माझ्यापुरतं तरी ते खोटं. मी कुशीवर झोपणारा, तासाभरात चष्मा कपाळावर आणि गालावर सिलिकॉनचा वळ. रात्री कामाला येतं ते मलम आणि टेप. खालची पापणी ओढून आत मलमाची बारीक रेघ, मग पापणीवरचं तेलकट पुसून काढायचं, नाहीतर टेप धरत नाही. वरची पापणी बोटाने खाली आणून बायको टेप लावते आणि मोबाइलच्या बॅटरीने बघते, कुठे पांढरं दिसतंय का. दिसलं की परत पहिल्यापासून. नुसता कापूस ठेवून पट्टी बांधायला डॉक्टरांनी सक्त मनाई केली होती. आत डोळा उघडला तर कापूस बुबुळावर घासतो.

बहुतेकांची नस आपोआप सुधारते. नाहीच सुधारली तर वरच्या पापणीत सोन्याचं इवलंसं वजन बसवतात, म्हणजे पापणी भाराने खाली येते. बायको म्हणाली, "बघा, तुमच्या नशिबात सोनं हाय, माझ्या नाही." माझ्यावर ती वेळ आली नाही, फट आता दोऱ्याएवढी उरलीय.

पाचपैकी साडेतीन. वाऱ्या-धुळीत काम करणाऱ्याने जरूर घ्यावा, पण डोळ्याच्या डॉक्टरांना दाखवल्यावर. लाली, दुखणं किंवा अंधुक दिसणं सुरू झालं तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, चष्म्याच्या भरवशावर बसायचं नाही.

इलॅस्टिक लवकर सैल होतं आणि सुटं मिळत नाही. आमच्या स्टँडमागच्या शिंप्याने परकराचं लावून दिलंय, ते कंपनीच्यापेक्षा घट्ट बसतं.